मधलं दार

तासगावहून आले तेव्हा
द्राक्षांच्या भोकाभोकांच्या खोक्यात झिपरी होती.
मिरजेच्या या घरात आधीपासून
ह्यांचा खंडू,
आणि पहिलीचा फोटो, हारासकट.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, घाई नको.
मधलं दार लावून घ्या.
ताटल्या दाराच्या अल्याड-पल्याड,
एकाचं फडकं दुसऱ्याच्या अंथरुणात.

आठ दिवस फटीखालून
नुसतं हुंगणं. गुरगुर. एकदा एक पंजा.
खंडूच्या फडक्यासोबत
मी ह्यांचा सदराही उचलून आणला,
धुवायचा म्हणून.
धुतला नाही.

काल दार वीतभर उघडलं.
झिपरी थेट कपाटावर.
खंडू खाली बसून
शेपटीनं फरशी झाडत राहिला.

"राहू दे वरच," हे म्हणाले,
"उतरेल तिच्या मनानं,"
आणि चहाचे दोन्ही कप
माझ्या बाजूला आणून ठेवले.