सतरावं टिचबटण

मार्च सरता सरता पुल्हेलीत
चार तास ऊन पडलं
आणि आंगहारद फोनवर म्हणाली, आजच.
थंडीत ताणला तर टप फाटतो, बाबा सांगायचे.
बाबा सांगायचे एवढ्याच जोरावर
सहा वर्षांनी आम्ही बहिणी एका अंगणात.

गाडी त्यांची. हिरवी ट्रायम्फ,
पोस्टमनच्या पगारात, आईला न विचारता
एका इंग्रज दंतवैद्याकडून घेतलेली.
आई तीन आठवडे तिच्यात बसली नाही.
मग बसली, डोक्याला रुमाल बांधून,
टप उघडा, थेट आबरदारॉनपर्यंत,
आणि वाटेत अवाक्षर बोलली नाही.
वाऱ्यात ऐकू येत नव्हतं, असं नंतर सांगे.

बटणं पितळेची, खारं वारं खाऊन
शेवाळासारखी झालेली.
काहींची नुसती टोपी शाबूत, आतली कडी गेलेली.
दाबली की टिच्च करून बसायची
आणि पहिल्याच वळणावर सुटायची.
पकडीने एकेक उपटत गेले.
प्रत्येकाखाली कापडाचा एक गोल,
आठ आण्याएवढा, ऊन न लागलेला,
काळाकुळकुळीत.
मला वाटायचं, टप पहिल्यापासून राखाडीच होता.

हे एकटीचं काम नव्हे.
एकीने आत बसायचं, मांडीवर ओकचा ठोकळा,
कापडाला खालून टेकू द्यायचा.
दुसरीने बाहेरून पोगर धरून हातोडी मारायची.
मध्ये टप. तोंडं दिसत नाहीत.
"धर."
"धरलंय."
"हललं."
"तू हलवलंस."
चार बटणं अशीच गेली.
पाचव्याला ती आतून म्हणाली,
घर विकताना मला एकदा विचारलं असतंस
तर मी हो म्हटलं असतं.
मी हातोडी मारली.
जरा जोरात बसली असेल.
"हं," ती म्हणाली, "हे आता सुटायचं नाही."

पुढे नवीनच पंचाईत.
कापड आटलेलं, चांगलं बोटभर.
वरची टोपी इथे, पत्र्यावरची खुंटी तिथे.
पत्र्याला नवं भोक पाड, मी म्हटलं.
"बाबांच्या गाडीला?"
एवढं बोलून ती गप्प, मीही.
शेजारचे एमलिन कधीपासून भिंतीवर कोपरं टेकून होते.
जन्मभर शिडं शिवलेला माणूस.
"ओढू नका गं पोरींनो," म्हणाले,
आणि आत जाऊन किटली घेऊन आले.
गरम पाण्यात पिळलेला टॉवेल टपावर अंथरला,
वर स्वतःचे दोन्ही पंजे ठेवले,
तापलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावेत तसे.
मग चहा प्यायला निघून गेले.
अर्ध्या तासाने कापड सैलावलं.
सगळं नाही. पुरेल एवढं.

बर्मिंगहॅमवाल्याने मोजून सोळा पाठवलेली.
लागणार होती सतरा.
उरलं ते ड्रायव्हरच्या पाठीमागचं, कोपऱ्यातलं,
जे बाबा कधी लावतच नसत.
रात्री तिथून मांजर आत शिरायची.
मांजर त्यांच्या आधी गेली,
तरी त्यांनी ते लावलं नाही.
सीटच्या शिवणीत अजून तिचे दोन-चार
पिवळसर केस सापडले. आंगहारदने ते वेचले,
कुठे टाकावेत कळेना,
शेवटी पुन्हा तिथेच सोडले.

पाचाला ऊन संपलं, भुरभुर सुरू झाली.
आम्ही आत बसलो, काचा वर,
सोळा बटणं घट्ट,
आणि नवा ताण घेतलेल्या कापडावर
पाऊस असा वाजायला लागला
की गाडी उभी असून चालल्यासारखी.
कोपऱ्यातून एक थेंब तिच्या बाहीवर. मग अजून एक.
सतरावं मागवू का, मी विचारलं.
ती काहीतरी म्हणाली.
'नको' म्हणाली की 'नंतर',
एवढ्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.