रकाना नऊ

अर्जात विचारलंय, प्रशिक्षणाची गरज का?
पन्नास शब्दांत लिहा.

एमएसडब्ल्यू होऊन अकरा वर्षं झाली.
फी अठरा हजार. निम्मी संस्था देईल,
उरलेली माझ्या मानधनातून, तीन हप्त्यांत.
आवटी सर म्हणाले, बघा, जमतंय का.

जतच्या त्या पोरीला मी विचारलं होतं,
तू आधी का नाही सांगितलंस?
ती फ्रॉकची शिवण उसवत राहिली.
पुढं कोर्टातही
तेवढंच करत राहिली.

विश्रामबागेत, झेरॉक्सच्या काउंटरवर
उभ्या उभ्या लिहिते :
प्रश्न कसा विचारू नये, ते शिकायचंय.

चव्वेचाळीस शब्द उरलेत.
पोरगा म्हणतो, मॅडम, मागचं पान?
मागचं पान उत्पन्नाच्या दाखल्याचं,
त्यावर अजून तलाठ्याची सही नाही.