नदीवरची बाई

रावेरच्या स्टँडमागे, पंक्चरवाल्याला लागून
डिगंबर झांबरेचं पार्लर होतं.
पत्र्याचं शेड, एक कूलर, तीन मशिनी,
त्यातली एकच धड चालायची.
विमानाचा गेम. जपानी.
कडेला काड्या मोडून टाकल्यासारखी अक्षरं,
झांबरेलाही न कळणारी.
"रुपया टाका, असं लिहेल असीन," म्हणायचा, "दुसरं काय?"

रुपयात तीन विमानं.
पहिल्या लेव्हलला समुद्र, दुसरीला जंगल,
तिसरीपर्यंत फक्त रुबाब तडवी पोचायचा.
सकाळी स्टेशनावर केळीची वॅगन भरून
दुपारी यायचा, बोटांवर चीक वाळलेला,
आणि लाल गोळ्याचा दांडा कासऱ्यासारखा धरायचा,
ओढायचा नाही, हातात असू द्यायचा.
आम्ही सातवीतली पोरं त्याच्या पाठीशी, घामेजून.

तिसरीला खाली नदी यायची
आणि काठावर एक बाई, बोटाच्या पेराएवढी,
दगडावर कपडे आपटत.
तिला गोळी लागत नसे. तिचे पॉइंट नव्हते.
वर बॉम्ब फुटत, खाली ती धुणं धूत असे.
तिच्यावरून जाताना रुबाब बटण सोडायचा.
"आमच्या सुकीवर बाया अशाच बसता,"
एवढं म्हणेपर्यंत एक विमान गेलेलं असायचं.

त्या दिवाळीला दादांना
फ्रूटसेल सोसायटीचा बोनस मिळाला.
बऱ्हाणपूरहून टीव्हीगेम आला, नऊशेला.
कॅसेटवर छापलेलं: नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम.
निघाले सात.
सातात हा एक,
तोच, पण अंग चोरून घरात शिरलेला.
पंख आखूड. पाच शत्रू आले की सहावा लुकलुके.
स्फोट म्हणजे पापड मोडल्याचा आवाज,
आणि ते संगीत, कुणी दाराआडून
शिट्टीवर वाजवल्यागत.

रुबाबला घरी बोलावलं.
तो चटईवर बसेना.
वायर पुरत नव्हती, तरी वाकून, उभ्यानंच.
आई म्हणाली, बस ना रे भाऊ.
"बसून येत नाही, मावशी."
तिसरी लेव्हल. नदी आली, सरळ एक पट्टा.
काठ होता. दगड होता.
बाई नव्हती.

आधी दोष टीव्हीला दिला, आमचा काळापांढरा.
सगळं उचलून नारखेडेकाकांच्या रंगीतला जोडलं.
पट्टा निळा झाला, तेवढंच.
रुबाबनं गोळ्या थांबवल्या,
काठाकाठानं बघत गेला.
एक विमान गेलं, दुसरं गेलं, तिसरं.
"कुठी गेली?" त्यानं पडद्यालाच विचारलं.
आई मागं येऊन उभी होती, काखेत वाळलेले कपडे.
"धुनं आटपलं असीन तिचं. गेली घरी."
कोणी हसलं नाही.
रुबाबनं मान हलवली, पटल्यासारखी.

पुढं कधीतरी कळलं, कॅसेटमध्ये जागा थोडी असते.
ज्याला गोळी लागत नाही
ते आधी काढतात.
कोणी जपानात, टेबलाशी, चहा निवत असताना
यादीवर फुली मारली असेल.
काय लिहिलं असेल यादीत? नाव होतं का तिला?

वॅगनी बंद पडल्या, ट्रक आले.
झांबरेनं मशीन भंगारात घातलं, किलोवर.
रुबाब सुरतेला गेला म्हणतात,
कोणी म्हणतं पालला परतला, कोणाला आठवतच नाही.
आमच्या रिमोटच्या बटणावर त्याच्या चिकाचा डाग,
राखेनं घासला, रॉकेलनं घासला,
आहे.

परवा पुण्यात, रात्री,
मूळ मशीन जसंच्या तसं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं.
एक कळ दाबली की रुपया. वाटेल तितके.
सत्तेचाळीस रुपयांत तिसरीला पोचलो,
रुबाबला एक पुरायचा.

बाई होती.
हात वर, हात खाली, दोनच चित्रं आलटून पालटून,
तीस वर्षं तेच लुगडं,
अजून आटपलेलं नाही.
मी बटण सोडलं.
विमान गेलं तेव्हा लक्षात आलं,
खुर्ची मागं सरकलीय
आणि मी उभा आहे.