फिरतं न्यायालय, मुक्काम करंजाळी

सीबीएसजवळच्या कोर्टातून आठला निघालो.
गाडीत टेबल, पाच खुर्च्या, शाईचा पॅड,
सुतळीनं बांधलेली राजमुद्रेची पाटी
आणि निवृत्त न्यायाधीश कर्डक मॅडम,
ज्यांना गाडी लागते, म्हणून मुठीत आवळासुपारी.
वाघचौरे गाडी हाकतात.
मी पुकारा करतो.

रासेगाव गेलं तशी शलाका मोगल,
लॉ कॉलेजची, वही उघडून बसलेली, म्हणाली,
काका, ही गाडी नेमकी बसते कुठं?
वर दिल्ली, खाली मुंबई, मग आपला जिल्हा,
त्याखाली तालुका. एवढं पाठ आहे.
हिला चौकटच सापडत नाही आकृतीत.

मी म्हटलं, पोरी, मी शिपाई.
मला एवढंच ठाऊक, की कागद शिडी चढतो.
तालुक्यात तो किडकिडीत असतो.
जिल्ह्यात त्याला पोट सुटतं.
मुंबईच्या वाटेवर त्याची भाषा बदलते,
मग त्याला त्याचंच गाव वाचता येत नाही.
दिल्लीला पोचेस्तोवर ज्याचा तो कागद,
त्या नावापुढं कुणीतरी लिहितं :
मयत, वारस लावणे.

आणि गाडी?
गाडी शिडी चढत नाही.
ती खालच्या पायरीच्याही खाली उतरते.

करंजाळीत हापशाजवळ उभी केली.
मी खाली उतरून तीनदा ओरडलो :
काशीराम बाळू भोये हाजिर हो,
जिवलीबाई चिंतामण गवळी हाजिर हो.
दोघं समोरच उभी होती, हातभर अंतरावर.
तरी तीनदा. नियम आहे.

अकरा वर्षांचा दावा. बांधावरचा मोह.
बुंधा त्याच्या गटात, फांद्या हिच्या.
फुलं पहाटे पडतात,
पडताना सातबारा बघत नाहीत.
फायलीत झाड म्हणजे पेन्सिलचा एक गोल,
तोही निम्मा खोडलेला.
मॅडम म्हणाल्या, किती लांब आहे?
काशीराम म्हणाला, हे काय, हाकेवर.
तीन किलोमीटर निघालं.

झाडाखाली न्यायालय उभं राहिलं.
कुणी काही बोललं नाही थोडा वेळ.
मग ठरलं : फूल जिथं पडेल तिथलं,
बिया एक साल याच्या, एक साल तिच्या,
कुऱ्हाड कुणाचीच नाही.
दोन अंगठे. एक सही. शिक्का.

याच्यावर अपील नाही, मॅडम म्हणाल्या,
दोघांनी मिळून ठरवलंय, वर कुणाला विचारायचं?
शलाका वहीत लिहिता लिहिता थांबली.
ज्याच्यावर पायरी नाही ते कोर्ट
सगळ्यात उंच तरी असतं, किंवा अंगणात तरी.

मला वाटलं, संपलं.
जिवलीबाई अंगठ्याची शाई लुगड्याला पुसत आली :
पुढली तारीख कवा?
म्हटलं, तारीख नाही आता. मिटलं.
ती झाडाकडं बघत राहिली.
मंग नाशकाला यायचंच नाही?

मग कळलं. लेक सातपूरला, कंपनीत कामाला.
अकरा वर्षं प्रत्येक तारखेला
कोर्टाच्या पायऱ्यांवर मायलेकी डबा खात होत्या.
पुढची तारीख पडली, की ही खूश.
आमचं प्रलंबित प्रकरण म्हणजे
तिचं माहेरपण, उलट्या दिशेचं.

पक्षकारांना गाडीत घ्यायचं नाही, असा नियम आहे.
मॅडमनी आवळासुपारी तोंडात टाकली
आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.
वाघचौरेंनी आरसा वळवला.
मी पुकारा केला, एकदाच, हळू.
ती वादीच्या खुर्चीत बसली,
मांडीवर फडक्यात मोहाची फुलं बांधून.