तिसऱ्या सिलिंडरचा रॉड

लेंडीच्या पुलावर पाणी होतं, चाकाच्या नटांपर्यंत.
गौसनं पहिला गिअर टाकला, रेस धरून ठेवली,
निम्म्यापर्यंत नीट आला.
मग समोरून ट्रॅक्टर, अन् त्याची लाट
बंपरवरून थेट एअर फिल्टरच्या तोंडात.
गाडी गप्प.

इथवर पाण्याची चूक.

आता मुखेड नाक्यावर मी इंजिन उघडून बसलोय.
चेंबरमधून निघालं ते ऑईल नव्हे,
साय धरलेला चहा.
रॉड वाकलाय, म्हाताऱ्याच्या करंगळीसारखा.
हवा दबते, गौसभाई. कितीही रेटा,
बिचारी जागा करून देते.
पाणी नाही दबत.
खालून पिस्टन, वर पाणी,
दोघंही हटत नाहीत,
मधला वाकतो.

"बंद पडल्यावर सेल्फ किती वेळा मारलास?"
तो ताडपत्रीची दोरी सोडतो, पुन्हा बांधतो.
मागं चौदा टन सोयाबीन,
कडेच्या पोत्यांना वास सुटू लागलाय.
क्लीनर व्यंकट बोटं वर करतो: तीन.
गौस नुसता बघतो त्याच्याकडं.
बोटं खिशात जातात.

उदगीरहून मालकाचा फोन.
"मिस्त्री, खरं सांगा, झालं काय?"
रॉड माझ्या हातात, डिझेलनं धुतलेला.
"पाणी शिरलं."
"एवढंच?"
गौस एकच नट चौथ्यांदा पुसतोय.
"एवढंच."

फोन ठेवून
रॉड फरशीवर उभा करून बघतो.
राहत नाही.