पंचमातला लांडगा

ऑगस्ट सरताना मी या गावातल्या
शाळांचे पियानो जुळवतो.
समुद्रकाठचं कनेटिकटमधलं गाव, चार शाळा, एकच बिल.

टेकडीवरच्या शाळेतला पियानो लांब, काळा, आडवा.
झाकणावर पितळी पट्टी : पालक संघाकडून सप्रेम.
खोलीतली हवासुद्धा मोजून मापून ठेवलेली.
मी उगीच दोन तारा पिळतो, सही करतो, निघतो.

मिल रोडच्या शाळेत
पियानो जेवणघरात असतो,
भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झाल्यासारखा.
मधल्या सप्तकातल्या तीन पट्ट्या मुक्या.
यंदा आत सापडलं :
दुधाच्या खोक्याचं टोपण, पेन्सिलीची दोन टोकं,
आणि स्पॅनिशमधली एक चिठ्ठी, घडी न मोडलेली.
ती मी तशीच परत ठेवली.

जून महिन्यात बिलासाठी बैठकीला बसलो होतो.
पडद्यावर आकडे : टेकडी एक्क्याण्णव, मिल रोड चोपन्न.
अध्यक्षा ऑस्ट्रँडरबाई म्हणाल्या, गावाची सरासरी उत्तम आहे.
मागून कुणीतरी म्हणालं,
"तिकडच्या मुलांच्या घरी, म्हणजे..."
आणि वाक्य तिथंच सोडलं,
सभ्य माणसं सोडतात तसं.

मी ज्याच्याकडे शिकलो तो म्हातारा हागोप सांगायचा :
बारा पंचम शुद्ध लावत गेलास
तर वर्तुळ मिटत नाही. थोडं उरतंच.
ते उरलेलं कुठंतरी ठेवावं लागतं, पोरा.
जुने लोक ती सगळी खोट एकाच पंचमात कोंबायचे.
बाकीचे अकरा कसे, मधाचं बोट.
तो एक ओरडायचा.
त्याला लांडगा म्हणायचे
आणि त्याच्या वाटेला जायचे नाहीत.

आता आम्ही प्रत्येक पंचम केसभर उणा करतो.
कुणाच्या कानाला कळतही नाही.

हे बैठकीत बोलावंसं वाटलं.
पण माझी पाळी बिलापुरती होती,
आणि बिल मंजूर झालं.

मिल रोडला झाडलोट करणारा अन्सेल्मो
दुपारी लेकीला घेऊन येतो. मायर्ली, चौथीतली.
कुठल्या पट्ट्या मुक्या, तिला पाठ आहे.
ती चाल त्यांना वळसा घालून नेते,
रस्त्यावरच्या खड्ड्याला सायकल घालते तशी, न बघता.

काल मी त्या तिन्ही पट्ट्या बोलत्या केल्या.
नवे हातोडे, नवी लोकर, पैसे माझ्याच खिशातले,
वहीत कुठं लिहिले नाहीत.
म्हटलं, वाजव.

तिनं वाजवलं. पुन्हा तोच वळसा.
मी तिचं बोट धरून मधल्या पट्टीवर ठेवलं.
सूर निघाला, स्वच्छ, भरलेला.

तिनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला
आणि बापाकडे बघितलं,
काही मोडलं का, म्हणून.