पक्की पावती

सराफ कट्ट्यावर आमच्या दुकानाच्या भिंतीत
पुराची खूण आहे, माझ्या खांद्याएवढी.
तिच्याखाली माझं टेबल. बिलबुक, दोन बॉलपेन,
आणि गुडघ्याला लागेल असं एक बटण,
चार वर्षांत मी एकदाही न दाबलेलं.

ती आली तेव्हा गुडघा आपसूक तिकडं गेला.

तिला कुणी काही म्हटलं नाही.
फक्त पोऱ्यानं मखमलीचा ट्रे आत ओढला,
मालकांनी कॅमेऱ्याकडं पाहिलं,
बाकावरच्या बाईंनी पर्स
या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.
एवढंच. तिनं ते सगळं पाहिलं
आणि आभाळ बघून वाळवण आवरावं तितक्या सवयीनं
दोन्ही हात काउंटरवर ठेवले.
पालथे, मग उताणे.
पिवळे. मार्केट यार्डात हळद निवडणाऱ्या बाईचे.
कुठल्या नवरीची नखं
इतकी रंगली नसतील.

"कानातलं द्या. दीड ग्रॅमात बसंल ते."
कनवटीतून नोटा निघाल्या, त्याही पिवळट.
मालकांनी एकेक उजेडाला धरली.
"गाव कुठलं?"
तिनं गाव सांगितलं.
वस्ती विचारायची गरज उरली नाही.

"पावती पक्की पायजे."
मी मशीनकडं वळलो.
"मशीनची नगं. ती उन्हाळ्याआधी पांढरी हुती.
हातानं लिवा. दाबून."
"नाव?"
"बिजला काळे. न्हाय, थांबा, पोरीचं घाला.
सुटका."
पेन थांबलं.
"हिचा बा जेलातनं सुटला त्या दिशी झाली.
खटल्यात काय न्हवतंच."
दहावीला एकाहत्तर टक्के, असंही म्हणाली,
आणि पहिल्यांदा हात उचलले काउंटरवरून,
आकडा हवेत काढून दाखवायला.

मग खालच्या आवाजात, फक्त मला:
"रातचं येत्यात. आदी भांडी उलथी करत्यात,
मग इचारत्यात, सोनं कुणाचं.
पोरीच्या कानाला हात लागायच्या आदी
माज्या हातात कागूद पायजे.
मागल्या पुरात पेटी गेली, सायेब.
डाग गेला तर रडंन. कागूद गेला तर..."
पुढचं तिनं पुरं केलं नाही.

मी दोन प्रती केल्या. दोन्हींवर शिक्का मारला.
तिनं कानातलं पदराच्या गाठीत बांधलं
आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत,
ती पिशवी दुसऱ्या पिशवीत.

मी इतकं दाबून लिहिलं होतं
की खालच्या तीन कोऱ्या पावत्यांवर
बिनशाईची सुटका उमटली.
त्यातल्याच एकीवर बाईंच्या चार तोळ्यांचा हार मांडला.
"बिल राहू द्या हो," त्या म्हणाल्या,
"कोण विचारतंय?"

रात्री शटर ओढायच्या आधी
मी डबा उघडून मालकांना दाखवला.
सोळा वर्षं दाखवतोय.
"नियम आहे, मनावर घेऊ नका," ते म्हणतात, हसून,
आणि चपातीची घडी बोटानं उचलून बघतात.
आज ते बघत होते तेवढा वेळ
माझे हात कुठं आहेत हे मला दिसलं.
टेबलावर, खुणेखाली.
पालथे, मग उताणे.